टायफॉइडचे दहा महिने

तंजावर, मेलवीधी
९ मार्च २०२५, रविवार

वाणीक्का,

नाही म्हणजे नाही. कितीदा सांगायचं? पोस्टकार्डावर, उघड्या पोस्टकार्डावर, एवढ्या मोठ्या अक्षरांत 'शाळेत सांगून टाक' लिहितेस आणि खाली हसरं तोंड काढतेस! आमच्या पोस्टमनला मराठी येत नाही, हे माझं नशीब.

परत सांगते, नीट वाच. शाळेला टायफॉइड माहीत आहे. ऑगस्टपासून मला टायफॉइड आहे. मग तो उलटला, मग अशक्तपणा, मग परत उलटला. अम्माने सुरू केलं, मी वाढवलं. माझ्या वर्गातली भुवनेश्वरी दर शनिवारी नोट्स घेऊन येते. तिला मी गंजी (तुमची पेज) पिऊन कंटाळा आला, केस गळतात, असं सगळं सांगते. खोटं इतकं छान बसलंय की कधीकधी मलाच अंग गरम लागतं.

खरं काय ते घराबाहेर तुला एकटीला माहीत. सांध्यांचा आजार, ज्यात आपलंच रक्त आपल्या सांध्यांवर उठतं. तेही डिसेंबरात तू एक दिवस आलीस आणि माझ्या हातून कॉफीचा डबरा, ती पितळी वाटी, पडताना पाहिलीस म्हणून. नाहीतर तुलाही टायफॉइडच मिळाला असता.

तू पुण्यात वाढलीस. तुझे बाबा रघुरामकाका आणि माझे अप्पा चुलत भाऊ, आपल्या लोकांबद्दल तुला एवढंच माहीत. इथे आपण मराठी म्हणजे मोजकी घरं, सगळी एकमेकांची सोयरी. कुंभकोणमच्या मुंजीत कुणी कुजबुजलं तर पंगत उठायच्या आत बंगळूरूला पोचतं. 'बाळकृष्णरावांच्या मुलीला सांध्यांचं आहे म्हणे, जन्मभराचं.' असं एकदा सुरू झालं की अम्माला कुठल्या लग्नात तोंड दाखवता येणार नाही. दहा वर्षांनी माझ्या लग्नाचं काय, ते ती आत्तापासून मोजते. मी नाही मोजत. पण मला वर्गात 'ती आजारी मुलगी' व्हायचं नाही. बस.

दोन जूनला दहावी सुरू. शाळा पावणेनऊला, माझी बोटं आपणहून साडेनऊला उठतात. अम्मा पाचला पाणी तापवते, मी अर्धा तास हात बुडवून बसते, मग एकेक बोट जागं होतं. सगळ्यात आळशी करंगळी.

आणि विसरू नकोस, ही पत्रं औषध आहेत. फिजिओच्या अंबा सिस्टरनी रोज एक पान हाताने लिहायला सांगितलं, तू म्हणालीस मला लिही, मराठीत लिही. देवनागरी मला हिंदीच्या परीक्षांमुळे येते. घरात दुसऱ्या कुणाला येत नाही. म्हणून इथे मी काहीही लिहू शकते. तेवढ्यासाठी तुझे उपकार. बाकी भांडण चालू.

चांगली बातमी एकच. रविवारची गोळी सोमवारी पोटात दंगा करते ना? गेले दोन सोमवार काही नाही! समोर रस्सम उकळत होतं तरी मी बसून राहिले. अम्मा पुन्नैनल्लूरच्या मारियम्मन देवीला गूळ वाहून आली.

दिव्यश्री


पुणे
१५ मार्च

दिव्याबाई,

पोस्टकार्डाबद्दल सॉरी. आता लिफाफा, लिफाफ्यावर टेप, टेपवर माझी सही. कुणी उघडलं तर कळेल. उघडणारा तू असशील तर सही मोडल्याबद्दल माफ.

दोन सोमवार! तुझ्या नावाने मी मेसमध्ये दोन जिलब्या जास्त घेतल्या. गोळी शेवटी अंगी लागली म्हणायची.

पण. (हा 'पण' तुला दिसत होताच ना लांबून येताना?) पहिल्या तासाला वहीचं पान उलटेना तर काय सांगणार? टायफॉइड? पाण्याच्या बाटलीचं झाकण निघालं नाही तर तहानलेली बसणार? प्रार्थनेला वीस मिनिटं उभं राहून गुडघा भरला तर? आणि खरं विचारायचं ते हे, की ताप आला तर त्याच दिवशी फोन करा, असं तुझ्या त्रिचीच्या डॉक्टरांनी सांगितलंय. शाळेत ताप आला तर फोन कोण करणार? ज्यांना काही माहीतच नाही ते?

तू नाही सांगितलंस तर मी लिहीन तुझ्या हेडमिस्ट्रेसना. इंग्रजीत. मी दिवसभर दुसऱ्यांची प्रुफं तपासते, माझ्या पत्रात एक चूक सापडणार नाही. मी गंमत करत नाहीये.

वाणी


तंजावर
२३ मार्च, रविवार

वाणीक्का,

तू लिहिलंस तर हे आपलं शेवटचं पत्र. मीही गंमत करत नाहीये.

सराव चालू आहे. काल युनिफॉर्म घातला. दोन वेण्या दुमडून, रिबनी बांधून (अम्माने), आठ वाजता दप्तर घेऊन अंगणात उभी राहिले. वीस मिनिटं मोजून. अप्पांनी पापनाशमच्या ऑफिसची रोजची गाडी जाऊ दिली, दुसऱ्या गाडीने गेले, पण शेवटपर्यंत बघत राहिले. ते कधीच काही बोलत नाहीत. पाण्याची बाटली मात्र भरून ठेवलेली असते आणि झाकण नुसतं टेकवलेलं. हे ते गेले कित्येक महिने करतात आणि मला काल लक्षात आलं.

चार सोमवार झाले. उलटी नाही.

भुवनाच्या नोट्स छान आहेत, पण तिचं अक्षर दर आठवड्याला बदलतं. मी विचारलं तर म्हणते, पेन बदललं. इतकं? एका पानावर तमिळ 'त' ला शेपटी, दुसऱ्यावर नाही. बहिणींना कामाला लावत असणार, आळशी कुठली.

हे पान मी अर्धं सकाळी लिहिलं, अर्धं संध्याकाळी. मध्ये का थांबले ते विचारू नकोस.

दिव्यश्री


तंजावर
१७ एप्रिल

चि. वाणीस अनेक आशीर्वाद.

मी बाळकृष्णराव, दिव्याचा अप्पा. मज तुमचीं अक्षरें येत नाहींत, म्हणून मराठी तमिळ अक्षरांत लिहितों. आम्हीं सगळे असेंच लिहितों. पुण्यांत वाचणारा कोणी मिळेल अशी आशा करतों. दिव्या सांगते तें आधीं लिहितों.

ती म्हणते, वाणीक्का, रागात आहे म्हणून लिहीत नाही असं समजू नकोस. बोटं वळत नाहीत. (उजवें मनगट इडलीएवढें सुजलें आहे. हें लिहूं नका म्हणते.) त्रिचीला पाच दिवस होते. आता बरं आहे. (बरें नाहीं. पण काल स्वतः चमचा धरला.) अप्पा मध्ये मध्ये स्वतःचं घालताहेत हे मला दिसतंय, मला तमिळ येतं. तुझी आठवण येते. शाळेला लिहू नकोस. संपलं.

दुपारची ती आतां पडली आहे. पुढचें माझें.

तिनें पांच रविवार गोळी घेतली नाहीं. जिभेखालीं धरून मागच्या केळीच्या बुंध्यांत टाकत होती. सोमवारीं उलटी नको, शाळेचा सराव करायचा, म्हणून. केळीस पाणी घालतांना मी पाहिल्या. त्यानेंच सगळें उठलें. डॉक्टरबाई रागावल्या नाहींत. म्हणाल्या, आधीं कां नाहीं सांगितलेंस, आपण वार बदलूं. आतां गोळी शुक्रवारीं संध्याकाळीं, सोबत उलटीची गोळी. शनिवार-रविवार आमचे. सोमवार तिचा.

दुसरें. तूं शाळेस लिहीन म्हणालीस, तापांत तेंच बडबडत होती. लिहूं नकोस. लिहिण्याची गरज नाहीं. मी सप्टेंबरांतच हेडमिस्ट्रेस कनकलता मॅडमना भेटून सगळें सांगितलें, रिपोर्ट दाखवले. वर्गासही सांगा म्हटलें, कारण मुलींना माहीत नसलें तर पडल्यावर उचलणार कोण? त्या मुलींनींच ठरवलें, दिव्यास सांगायचें तेव्हां ती सांगेल, तोंवर टायफॉइड. भुवना एकटी नोट्स लिहीत नाहीं. बेचाळीस मुली पाळीनें लिहितात.

हें दिव्यास माहीत नाहीं. सुंदरीस, म्हणजे तुझ्या काकूसही माहीत नाहीं. तूं पोटांत ठेव.

आणि लिहीत जा. पोस्टमनची वेळ झाली कीं ती उठून ओट्यावर येऊन बसते. न दुखल्यासारखी.

बाळकृष्णराव


पुणे
२५ एप्रिल

दिव्या,

तुझ्या अप्पांचं पत्र आलं आणि मी दीड दिवस ते उलटंसुलटं धरून बसले. भाषा माझी, अक्षरं परकी. मग कोपऱ्यावरच्या इडलीवाल्या राजगोपाल अण्णांकडे गेले. त्यांना मराठी 'किती प्लेट' पलीकडे येत नाही. मला तमिळ अजिबात नाही. तर ते मोठ्याने वाचत होते आणि त्यांना काही कळत नव्हतं, मी ऐकत होते आणि मला सगळं कळत होतं. मागे रांग लागली. एक काकू म्हणाल्या, काय मंत्र म्हणताय का? 'घर'चं 'कर' होत होतं, 'भ' चा पत्ता नव्हता, तरी एक शब्द सुटला नाही.

आणि ऐकता ऐकता मला रडू आलं. तुझ्यामुळे नाही, फुगू नकोस. माझे बाबा असंच बोलायचे. 'मज दे', 'तीस सांग', आणि वाक्याच्या शेवटी तो तमिळ हेल. ते गेल्याला तीन वर्षं होतील. डिसेंबरातला तुमच्याकडचा तो एक दिवस सोडला तर तेव्हापासून तसं मराठी कानावर पडलं नव्हतं. अण्णांनी पैसे घेतले नाहीत, वर सांबार दिलं.

अप्पांना सांग, पत्र पोचलं, वाचलं गेलं, पोटात ठेवलं.

शाळेचं तू म्हणतेस तसं. मी लिहीत नाही. नको सांगूस.

लवकर चमच्यावरून पेनावर ये.

वाणी


तंजावर
११ मे, रविवार

वाणीक्का,

बघ, अक्षर म्हाताऱ्या बाईसारखं थरथरतंय, पण माझं आहे.

तू इतक्या सहज कधी हरत नाहीस. 'नको सांगूस.' एवढंच? मला माहीत आहे अप्पांनी काय लिहिलं. गोळ्यांचं. म्हणून तू दयेने भांडण सोडलंस. दया नको, भांड. हो, टाकल्या मी गोळ्या. पाच. तू जिलब्या खाल्ल्यास त्यातल्या दोन त्या केळीच्या. चुकले. डॉक्टरबाईंना 'सोमवारी पोट ढवळतं' एवढं सांगायचं होतं, तेही मला जमलं नाही, आणि बदल त्यांनी दोन मिनिटांत करून दिला. आता शुक्रवारी घेते, शनिवारी ताकभात खाऊन पडून राहते, सोमवारी माणसात असते.

बाकी माझं नशीब बघ, वाणीक्का! इतकं चांगलं नशीब असलेली आजारी मुलगी तू पाहिली नसशील.

शाळेने माझी नववीची परीक्षा वेगळी घेतली. सुट्टी सुरू, सगळी शाळा रिकामी, आणि ऑफिसात मी एकटी, पंखा डोक्यावर, दर पेपरला एक तास जास्त. टायफॉइडला एवढी दया! कनकलता मॅडम म्हणाल्या, अशक्तपणात हात थकतो. मी मान हलवली, हो मॅडम, फार थकतो. पास झाले!

मग भुवना सांगत होती, दहावीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर असतो ना, तो गळतो म्हणून यंदा आम्हाला तळमजल्यावर खोली दिली. जिना नाही! आणि रोज पहिला तास वाचनालय, म्हणजे लिहायचं नाही! मी मारियम्मनला हात जोडले. यात सगळ्यात बरं काय माहीत आहे? कुणाकडे काही मागावं लागलं नाही. कुणाचे उपकार नाहीत. सगळं आपोआप झालं.

म्हणून ठरवलंय. दहावीचं वर्षभर टायफॉइडची अशक्त मुलगी म्हणून काढायचं. ताप आलाच तर पाण्याने तोंड धुवायचं आणि साडेतीनपर्यंत थांबायचं. घरी आल्यावर डॉक्टरांना फोन. सहा-सात तासांनी काय होतं?

दिव्यश्री


पुणे
१८ मे

दिव्या,

हे पत्र लिहायला मला दोन दिवस लागले. तीन फाडली.

सहा-सात तासांनी काय होतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुझ्या गोळीने अंगातला पहारा ढिला पडतो, साध्या तापालाही मग कुणी अडवत नाही. डॉक्टरबाईंनी 'त्याच दिवशी' असं उगाच नाही म्हटलं. तू केळीच्या बुंध्यावरून काही शिकली नाहीस.

अप्पांना मी शब्द दिलाय, तो मोडत नाही. मी तुला एक अक्षर सांगणार नाही. सोबत त्यांचं पत्र परत पाठवते आहे. ते तमिळ अक्षरांत आहे. मला वाचता येत नाही. तुला येतं.

दुसऱ्या पानापासून वाच. पहिलं तुझंच आहे.

रागावशील. माझ्यावर रागाव, त्यांच्यावर नको. पण तू चुकीच्या पत्त्यावर हात जोडते आहेस, आणि मला ते बघवेना.

वाणी


तंजावर
२४ मे

वाचलं.

बेचाळीस. सप्टेंबरपासून. मी त्यांना गंजीची चव वर्णन करून सांगत होते.

मी शाळेत जाणार नाही.


पुणे
२८ मे

दिव्या,

नको जाऊस, एवढं म्हणायला मी मोकळी आहे, कारण ते तू ठरवायचं. फक्त एक विचारते. बेचाळीस मुली, वय वर्षं चौदा-पंधरा, आणि नऊ महिन्यांत एकीच्याही तोंडून निसटलं नाही. कुंभकोणमच्या मुंजीला हे जमलं असतं?

जायचं नसेल तर त्यांच्या तोंडावर सांगून ये. भुवना शनिवारी येईलच.

वाणी


तंजावर
१ जून, रविवार

वाणीक्का,

भुवना आली. या खेपेला नोट्स नव्हत्या, दहावीची पुस्तकं होती, दोन संच. एक घरी, एक वर्गाच्या कपाटात, म्हणजे दप्तर रिकामं. मी ठरवून बसले होते. ती टेकायच्या आत विचारलं, "काय गं भुवना, टायफॉइडला मनगट सुजतं का?"

तिने आधी अम्माकडे पाहिलं. मग माझ्याकडे. म्हणाली, "तुला हवं असेल तर सुजतं."

"कधीपासून माहीत?"

"सप्टेंबर."

"आणि मी गंजीचं सांगायचे, केसांचं सांगायचे, तेव्हा?"

"तेव्हा हसू आवरायला फार त्रास व्हायचा. आपल्या श्रीविद्याने टायफॉइडवर सगळं वाचून ठेवलं होतं, कुणी भलताच प्रश्न विचारू नये म्हणून. तू म्हणालीस ना एकदा, उलटलेल्या टायफॉइडने गुडघा धरतो? मी वर्गात सांगितलं. ती म्हणाली, पुस्तकात नाही हे, पण असू दे."

मी खूप चिडायचं ठरवलं होतं गं. पण 'पुस्तकात नाही, पण असू दे' ऐकलं आणि मला हसू फुटलं. ती हसली. मग आम्ही दोघी इतक्या हसलो की माझा जबडा दुखला, आणि जबडाही सांधाच आहे.

मग मी विचारलं, वरची खोली गळते?

"वरची कुठे गळते? वारा येतो छान. खालची खोली बाहेरच्या अंगाला, वर नुसता पत्रा आहे. शेजारी स्वयंपाकघर, साडेअकराला सांबाराचा वास आला की शिकवणाऱ्या मिसचंही लक्ष उडतं. श्रीविद्या आधी नाही म्हणाली. भांडली. सगळ्यांनी एकीसाठी भाजायचं का म्हणे."

"मग?"

"मग खोली बदलायच्या अर्जावर पहिली सही तिनेच केली."

"का केलंत एवढं?"

भुवनाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गणितात सोपी बेरीज चुकवली. "का म्हणजे? तू येणार होतीस ना."

अम्मा कॉफी घेऊन दारातच उभी होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. भुवनाला दोनदा कॉफी दिली, आत गेली आणि बराच वेळ मिक्सर फिरवला. मी जाऊन बघितलं तर भांडं रिकामं. संध्याकाळी अप्पा आले तसे तिने धरले त्यांना.

"सप्टेंबरपासून? मी देवळात, बाजारात, लग्नाच्या मांडवात टायफॉइड सांगत फिरले, आणि तुम्ही?"

अप्पा म्हणाले, "तूं इतकें छान सांगत होतीस, मज मोडवेना."

ती दोन तास स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. मग रात्रीच्या पानात त्यांना सगळ्यात मऊ इडली वाढली. झालं, मिटलं.

आता माझं. तुला मी लिहिलं होतं, कुणाचे उपकार नाहीत, सगळं आपोआप झालं. ते वाक्य मला खोडायचंय, पण पत्र तुझ्याकडे आहे. तूच खोड. आपोआप काहीच झालं नव्हतं. पाणी आपोआप तापत नव्हतं, झाकण आपोआप सैल होत नव्हतं, 'त' ची शेपटी आपोआप बदलत नव्हती. मी काल सगळे कागद काढून बसले. अक्षरं वेगळी करायला लागले. बेचाळीस नाही निघाली, चोवीसपर्यंत ओळखू आली. एकीने दर पानाच्या कोपऱ्यात बारीक फूल काढलंय, एकीने इतिहासाच्या नोट्समध्ये लिहिलंय 'हा राजा कंटाळवाणा आहे, सोडून दे'. मी हे सगळं एका भुवनाचं समजून वाचत होते. नऊ महिने माझ्याशी सगळा वर्ग बोलत होता आणि मी एकीलाच उत्तर देत होते.

लाज वाटते अजून. पण आता दुसरंच वाटतंय ते जास्त आहे. माझं खोटं सांभाळून त्या थकल्या असतील. त्यांना सोडवायला हवं.

म्हणून आज मी स्वतः कनकलता मॅडमना फोन केला. त्यांनी 'बोल दिव्यश्री, टायफॉइड कसा आहे' म्हणून सुरुवात केली, बिचाऱ्या अजून पाळत होत्या! मी म्हटलं, मॅडम, मला संधिवात आहे. लहान मुलांना होतो तो. जन्मभर असेल कदाचित. ताप आला तर लगेच अप्पांना फोन करावा लागेल, आणि मी स्वतः सांगेन, लपवणार नाही.

तोंडातून निघालं आणि काही झालं नाही, वाणीक्का. भिंत तिथेच, पंखा तिथेच.

मॅडम म्हणाल्या, प्रार्थनेच्या वेळी तू वर्गात बसून राहा, कुणी काही म्हणणार नाही. मी म्हटलं, नको. सगळ्या बाहेर आणि मी एकटी पत्र्याखाली? मला माझ्या ओळीत बसायचंय. बसून प्रार्थना चालेल का? त्या म्हणाल्या, चालेल, पण स्टूल घरून आण, आमची सगळी डगमगतात.

म्हणजे उद्या नऊशे मुली उभ्या आणि मी एकटी स्टुलावर. मला याचीच सगळ्यात जास्त भीती होती. अजून आहे.

उरलेलं सकाळी.

सोमवार, २ जून, आठ वाजले

हात आत्ता दुसऱ्यांदा पाण्यातून काढले. करंगळी सोडून सगळी उठली आहेत. पेन धरता येतंय, अक्षर बघूच नकोस.

ओट्यावर बसून लिहितेय. वेण्या झाल्या, रिबनी झाल्या. अम्माने इतक्या घट्ट बांधल्या की भुवया वर गेल्यात. अप्पा मोपेडच्या मागे स्टूल बांधताहेत. घरात एकच होतं, लाल, प्लॅस्टिकचं, पूजेच्या फळीला हात पोचावा म्हणून चढायचं. दोन रस्त्यांवरून दिसेल असं लाल. मी म्हटलं वर टॉवेल टाका, तर अप्पा म्हणाले, टॉवेल उडेल. अम्माला त्यांची गाठ पटली नाही, तिने सोडली, परत बांधायला घेतली आहे.

तुझ्यावर मी रागावले होते ते विसरले नाही, पण तू पत्र परत पाठवलं नसतंस तर मी आज टायफॉइड घेऊन गेले असते. राजगोपाल अण्णांना माझ्याकडून नमस्कार सांग. त्यांना कारण कळणार नाही, तरी सांग.

अय्यो. सीतारामराव मामा येताहेत, दुधाच्या पिशव्या घेऊन. आपल्या लोकांतले, पलीकडच्या गल्लीतले, प्रत्येक लग्नात पहिल्या पंगतीला. यांना कळलं म्हणजे सगळ्यांना कळलं. थांबले. आता विचारणारच.

"काय सुंदरी, स्टूल कुठे निघालं? शाळेत बाकं नाहीत का? आणि पोरीचा टायफॉइड बरा झाला ना?"

अम्माचा हात गाठीवर थांबला आहे. ती माझ्याकडे बघते आहे. अप्पा मोपेडकडे बघताहेत, जणू तिच्यात काहीतरी बिघडलंय.

तिने गाठ ओढली.

"टायफॉइड नव्हताच, मामा. सांध्यांचा आजार आहे तिला. बरा होत नाही, सांभाळावा लागतो. प्रार्थनेला बसायला स्टूल नेते आहे."

मामांनी पिशव्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. तोंड उघडलंय. मोपेड चालू झाली. ते काय म्हणतात ते ऐकायला मी थांबत नाही. हे वाटेतल्या पेटीत टाकते.

येते.